लॉरिकीटचं आणि सासूबाईंचं खाणं

आमच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये लॉरिकीटचा पिंजरा सासूबाईंच्या खोलीत, खिडकीपाशी होता. हा रंगीबेरंगी पोपट दाणे खात नाही. त्याला गोड पावडर कोमट पाण्यात कालवून द्यावी लागते आणि इथल्या दमट हवेत ती दोन तासांत आंबते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनाही दर दोन तासांनी पेज भरवायची. मी एकाच फेरीत दोन्ही उरकायचे. पक्ष्याला म्हणायचे, "ये राजा." आणि त्यांना, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "गिळा एकदाचं." वर्षभरात पक्षी एक शब्द शिकला नाही. मठ्ठ आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे.

सासूबाई गेल्या. तेराव्याला त्यांच्याच खोलीत फोटोपुढे ताट वाढलं. नवऱ्यानं हात जोडले, "आई, जेव." पाठोपाठ सगळ्यांनी हात जोडले.

तेवढ्यात माझा आवाज आला, "गिळा एकदाचं."

माझं तोंड मिटलेलं होतं. नणंद कौतुकानं म्हणाली, "अय्या, हा बोलतो?"

पक्ष्यानं मान तिरकी केली आणि सासूबाईंच्या दमलेल्या आवाजात उत्तर दिलं, "रागावू नकोस गं. खाते."