साडूंचा तांदळाचा डबा

आपण जिथे नाही त्या गावाची तारीफ करण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कॅनडात असले की मीरा रोडचे असतात आणि मीरा रोडला आले की कॅनडाचे. तिकडून व्हिडिओ कॉल लावला की आधी फर्मान सोडणार, "साडूभाऊ, फोन जरा खिडकीत धरा!" मी मुकाट्याने धरतो. आमची मीरा रोडच्या हाटकेश भागातली खिडकी म्हणजे समोरच्या गाळ्यात लोखंड कापायचं मशीन, खाली भंगारवाला आणि शेजारी कुकरच्या शिट्ट्या. माझं डोकं त्याने उठतं, पण यांचे डोळे भरून येतात. "इथं इतकं शांत आहे हो, की फ्रीज चालू झाला तरी कुणीतरी आल्यासारखं वाटतं," म्हणतात. मग भाजीवर फुकट मिळणारी कोथिंबीर, न विचारता डोकावणारे शेजारी, हाफ पँटमध्ये खाली उतरून पिता येणारा चहा, अशी आरती बराच वेळ चालते.

तेच साडू विमानातून उतरले की सकाळी आगाऊ वर्दी न देता आमच्या दारात हजर होतात, पोह्यांची बशी पुढे ओढतात आणि सांगतात, "तिथं कसं, फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही!" तिथे भांडी पुरुषाने घासली तरी कुणी वळून बघत नाही, तिथे बस वेळेवर येते, तिथे पगार कुणी विचारत नाही. माणूस हट्टी इतका, की एकदा काशीमीराला रस्ता ओलांडताना झेब्रा क्रॉसिंगपाशी हसतमुखाने उभे राहिले आणि समोरून धडधडत येणारा ट्रक आपल्यासाठी थांबण्याची वाट बघू लागले. एक गेला, दुसरा गेला, साडू आपले हसतायत. शेवटी एका रिक्षावाल्याने विचारलं, "अंकल, किसी का वेट कर रहे हो क्या?" साडूंनी पायाखालचे पट्टे दाखवले. "भैया, ये झेब्रा क्रॉसिंग है." रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "अंकल, ये काशीमीरा है," आणि त्यांना रिक्षात घालून पलीकडे सोडून आला.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. त्याची किल्ली आमच्याकडे असायची. परत निघताना ते गॅस, नळ, मेन स्विच सगळं बंद करत; पण स्टीलच्या डब्यात मूठभर तांदूळ ठेवूनच कुलूप लावत. रत्नागिरीला त्यांच्या आईने शिकवलेलं, घरातला तांदळाचा डबा कधी रिकामा करू नये. पुढच्या खेपेला आले की बॅग उघडायच्या आधी त्या मुठीवर नव्या तांदळाची भर घालणार, मगच पाणी पिणार. मधल्या काळात त्यात किडे व्हायचे. ते तांदूळ बदलायचं काम माझ्या बायकोकडे होतं आणि ते ती यथेच्छ बडबड करत पार पाडायची.

गेल्या वर्षी ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, निकाल दिला. मुलगी तिकडचीच झाली, आता दोन दोन घरं कोण सांभाळणार? फ्लॅट विकायचा. साडू एकटेच आले आणि गिऱ्हाइकांना घर दाखवू लागले. म्हणजे काय, तर दारातच सुरुवात. "पाणी दोनच वेळा येतं. गाळ्यातली खटखट थांबत नाही. आमच्या कॅनडात खिडकी लावली की आवाज बंद!" लोक चपला घालून पळत. एजंटने मला बाजूला घेतलं. "अंकल को बेचना है या भगाना है?" मला उत्तर माहीत होतं, म्हणून मी गप्प बसलो.

मग राजापूरकडचं एक जोडपं आलं, गिरगावच्या चाळीतून. साडूंनी पाण्याचं काढलं. बाई म्हणाल्या, "दोन वेळा येतं ना? मग झालं." खटखटीचं काढलं. नवरा म्हणाला, "माणसं काम करतायत, तेवढीच जाग राहते की." तेवढ्यात बाईंनी ओट्याखालचा डबा उघडला, आत पाहिलं आणि झाकण अलगद लावलं. "डबा रिकामा नाही ठेवलात, बरं केलंत हो." कॅनडाचे आणि मीरा रोडचे साडू एकदमच गप्प झाले. घर विकलं गेलं.

निघायच्या दिवशी तो डबा छातीशी धरून ते आमच्याकडे आले आणि ओट्यावर ठेवला. बायको म्हणाली, "भावोजी, डबे काय कमी आहेत आमच्याकडे?"

"ते तुमच्या घराचे. हा माझ्या घराचा आहे."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

अजून त्यांचा फोन येतो, खिडकी ऐकून होते, तिकडच्या बसचं कौतुक होतं. शेवटी आवाज खाली उतरतो, "डबा आहे ना?" मग माझी बायको झाकण उघडून फोन आत धरते. परवा साडूंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "किडे नाहीत ना झाले?"

"कालच बदललेत तांदूळ," बायको म्हणाली. हल्ली ती त्यावरून बडबडत नाही. "पण भावोजी, भर घालायला कधी येताय?"

पलीकडे त्यांचा फ्रीज चालू झालेला मला इथे हाटकेशला ऐकू आला.