मावशीचा पुदिना

माझी मावशी लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसभर उभी. घरी येईपर्यंत पायांत गोळे आलेले असायचे, तरी आधी जायची ती खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यांकडे. त्यांत पुदिना होता, आणि पुदिन्यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा. पोटात कळ आली, काढा पी. नाक चोंदलं, वाफ घे. डास चावला, पानं चुरडून चोळ. आम्ही हसलो तर म्हणायची, हसा, हसून पोट दुखलं की माझ्याकडेच याल. आणि आम्ही जायचोही.

काढा दिला की कप रिकामा होईपर्यंत ती समोर ठाण मांडून बसायची. लोक गुपचूप मोरीत ओततात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, कुलपं दुरुस्त करायचे. तोंडाला मात्र कायमचं कुलूप. जेवल्यावर त्यांच्या छातीत जळजळ व्हायची, म्हणून मावशीने रोजचा काढा लावून दिला. जळजळ हटेना, तशी ही बाई पानं वाढवत गेली. शेवटी काका जेवायलाच घाबरू लागले, अंगावरचे कपडे ढगळ झाले. मग मात्र मावशी घाबरली. तिनेच त्यांना दवाखान्यात नेलं. मी सोबत होते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे विचारून घेतलं. पुदिना एरवी पोटाला चांगलाच, म्हणाल्या, पण यांना नको. त्याने अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल पडतं आणि आंबट वर येतं. काढा बंद करा, या गोळ्या घ्या, बरं वाटेल.

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन तिने डबे दाराबाहेर काढले. पानं मागायला आलेल्या शेजारणीला चक्क नाही म्हणाली. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या हाताने गल्ली बरी केली, त्या हाताचीच तिला भीती वाटत होती.

मग ती काकांवर उखडली. "अहो, त्रास वाढतोय हे कळत होतं ना तुम्हाला? मग पीत कशाला राहिलात?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"कळत होतं. पण कप संपेपर्यंत तू बसायचीस. एरवी कुठे बसतेस?"

मावशी तोंडाला पदर लावून आत गेली.

काकांची जळजळ हळूहळू थांबली. जेवण झालं की मावशी आता रिकाम्या हातांनी त्यांच्यासमोर येऊन बसते.