कोटावर घेतलेलं पातेलं

"हे मला कुणी सांगितलंच नाय, काकू," असं म्हणत ती माझ्यापुढे मूठ उघडायची. मुठीत काय निघेल याचा नेम नसे. एकदा रिठे निघाले. मी म्हटलं, "अगं, केस धुवायचे रिठे ते, त्यात काय एवढं?"

तर डोळे मोठे करून म्हणते, "झाडाला साबण लागतो, आणि तुम्ही म्हणता त्यात काय?"

जन्मभर रिठ्यानं केस धुतले, पण झाडाला साबण लागतो हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. सातपूरला आमचा एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. सकाळी शटर वर केलं की रात्रीपर्यंत सुटका नाही. काचेच्या केबिनमध्ये गिऱ्हाईक कोंडलेलं आणि बाहेर काउंटरमागे मी. ही पिंगट केसांची, सुती साडी घोट्याच्या जरा वरच नेसलेली. नवरा इथलाच. रशियात इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि हिला घेऊन आला. सासूबाई निफाडकडच्या, त्यामुळे हिचं मराठी थेट मळ्यातलं. गल्लीत सगळे तिला रशियन वहिनी म्हणायचे.

दर रविवारी दुपारी ती आईला फोन लावायला यायची. घरी फोन मिळायला तेव्हा वर्षं जायची. काचेआडून तिचं बोलणं ऐकू येई. मला कळायचं काहीच नाही, पण त्या सगळ्या गडगडाटात मधेच 'कुरडई' यायची, कधी 'तुरटी', कधी 'शेवगा'. मी आपली काउंटरवर एकटीच हसायचे. आठवडाभर ती आईसाठीच या गोष्टी वेचत असे.

"आईला वाटतं, मी इथं रडत बसते," ती म्हणायची. "म्हणून दर रविवारी एक गंमत न्यावी लागते."

रडण्यासारखं नव्हतं असं नाही हं. ती इकडे आली आणि मागे तिचा देशच मोडला. जुन्या पासपोर्टावर जाता येईना आणि नवा कोणी देईना. एक वकिलात म्हणे, तुमचा जन्म तिकडचा, तिकडे जा. दुसरी म्हणे, तुमचं घर पलीकडे होतं, त्यांना विचारा. मुंबईच्या खेपा घालून नवराही थकला. "मी कुठं गेलेच नाय काकू, देशच उठून गेला," असं हसत सांगायची. पण आई तिकडे एकटी, त्यातून आजारी. एकदा डोळ्यांनी भेट व्हावी, एवढंच हिचं मागणं.

त्यात त्या कोटाचं झालं.

बोहारणीचं तिला फार कौतुक. जुने कपडे द्यायचे आणि नवं भांडं घ्यायचं, असा व्यवहार तिनं कुठे पाहिलाच नव्हता. एका रविवारी जवळजवळ पळतच आली. "कोट दिला, काकू. सासूबाईंनी घासाघीस केली आणि एवढं पातेलं आलं," म्हणून दोन्ही हात पसरून दाखवलं. कोट लोकरीचा, जाडजूड, गळ्याशी फर लावलेला. नाशिकच्या थंडीत तो कोण घालणार? ट्रंकेत पडून कसर लागायची वेळ आली होती.

आत जाऊन तिनं आईला सगळं रंगवून सांगितलं. 'बोहारीण' आणि 'पातेलं' मला बाहेर ऐकू आलं. मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच.

"काय गं?"

"आई म्हणाली, कोट दिलास. म्हणजे आता तू येणार नाहीस."

"अगं, कोट काय, दुसरा घेता येतो."

"मी नुसतं पातेलं बघितलं, काकू. बाकीचं मला दिसलंच नाय."

दुसऱ्या दिवसापासून ती गल्लीत येणारी प्रत्येक बोहारीण थांबवू लागली. शेवटी ती नेमकी सापडली, तर कोट केव्हाच जुने कपडे घेणाऱ्या मालेगावच्या माणसाकडे गेलेला. "उन्हाळ्याच्या तोंडावर असला कोट कोण ठेवील, बाई? बटणंबी निघाली असतील त्याची."

सासूबाई तशा फटकळ. सुनेला रोज चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. पण त्यांनीच आतून पातेलं आणून बोहारणीपुढे ठेवलं. "हे घेऊन जा, पण माझ्या सुनेचा कोट आण."

बोहारणीनं पातेलं परत सरकवलं. "नसलेली वस्तू कुठून आणू, आजी?"

पुढच्या रविवारी केबिनमधून बाहेर येऊन ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कोट परत मिळाला म्हणून सांगितलं. आई हसली."

पावसाळ्यात तिची आई गेली. तिथल्या शेजारणीनं निरोप धाडला, तोही उशिरा पोचला. पासपोर्टाचे कागद अजून कुठल्यातरी टेबलावरच होते.

मला वाटलं, आता ही कशाला येतेय. पण रविवारी आली, केबिनमध्ये शिरली, नेहमीसारखा नंबर फिरवला. पलीकडे उचललं की पळणारे मीटरवरचे लाल आकडे काही हलेनात. पलीकडे नुसती रिंग जात होती आणि ही रिसीव्हर कानाला लावून उभी. बाहेर खोळंबलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "काकू, त्या बाई तर बोलतच नाहीयेत."

"परदेशची लाईन आहे बाबा. बस जरा."

ती बाहेर आली. "उचलायला कोणी नाय," म्हणाली. "पण घरात आवाज तर जातो."

असे बरेच रविवार गेले. थंडीत एकदा मीटरचे आकडे अचानक पळायला लागले. मी दचकून वर पाहिलं. दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून ती ऐकत होती. मग तिनं तो हळूच जागेवर ठेवला.

"नवी माणसं राहायला आलीत. एक बाई सारखी हॅलो हॅलो करत होती. मागे लहान मूल रडत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्यांच्या घरात मी कोण?"

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी दुपारी केबिन रिकामी असली की मला उगीच वाटायचं, आतला फोन वाजेल. त्या नंबरवर बाहेरून कधी कोणी फोन करत नसे, हे मला ठाऊक होतं. तरी तेवढा वेळ मी काउंटरवरचा रेडिओ बंद ठेवायचे.