हो म्हणायला काय जातंय

ॲडमिशनच्या दिवसांत आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची चार-पाच मुलं पोपटी टी-शर्ट घालून दारातल्या टेबलावर बसवतात. नव्या मुलांना माहिती द्यायची, खिडकी दाखवायची, पालकांशी गोड बोलायचं. मला त्यात का घेतलं, देव जाणे. गोड बोलणं आमच्या खानदानात नाही, मोठ्यानं बोलणं आहे. आमच्या कामतघर वस्तीत भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालतात, तिथं हळू बोललेलं आईलासुद्धा ऐकू जात नाही.

ॲडमिशन बघणाऱ्या सरांनी सकाळीच आम्हाला उभं करून बजावलं, "'माहीत नाही' असं तोंडातून निघता कामा नये. काहीही विचारू देत, म्हणायचं, होऊन जाईल." हे होऊन जाईल मला चांगलं ठाऊक होतं. आदल्या वर्षी मी मायक्रोबायोलॉजी मिळेल ना विचारलं, तेव्हा याच तोंडानं होऊन जाईल म्हणाले होते. बारावीचा ओरिजिनल दाखला खिडकीत जमा केला आणि मग कळलं, बॅच भरलीच नाही, बॉटनी घे. दाखला परत मागायला गेले तर आज क्लार्क नाही, उद्या साहेब नाहीत. तुमचा दाखला एकदा आत गेला की तुम्हीही आत गेलात. तेव्हापासून मी बॉटनी करते आणि त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालते.

एका दुपारी अंबाडीच्या आतल्या गावातून एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी माझ्याच वयाची, ओठ घट्ट मिटलेली. बापाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखला होता. फी, स्कॉलरशिप, युनिफॉर्म, यातलं त्यानं काहीच विचारलं नाही.

"बाय, सायन्सवाल्यांचं प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं? अंबाडीवरून आमच्या गावाला शेवटची गाडी सहाची. हितून पाचला निघाली तरच ती गावंल. त्ये जमत असंल तर नाव घालतो. न्हायतर काल्हेरला गोडाऊनात पॅकिंगला लागंल, तिची चुलत बहीण जातेच हाय."

आम्हाला जे पाठ करायला दिलं होतं, त्यात हे नव्हतं. मी चालत घरी जाणारी, मला अंबाडीची शेवटची गाडी काय ठाऊक? बॉटनीचं प्रॅक्टिकल सकाळी असतं. नव्या मुलांचं कधी, ते मला खरंच माहीत नव्हतं.

"माहीत नाही काका," मी म्हटलं. "विचारून येते."

शेजारच्या टेबलावरून सर ताडकन म्हणाले, "अहो, होऊन जाईल! पाचच्या आत सोडतो आपण मुलींना. तू कुठं निघालीस? बस खाली."

मी बसले नाही. वरच्या मजल्यावर लॅबच्या मॅडम होत्या, त्यांना विचारलं. त्या वसकन अंगावर आल्या. आठवड्यातून दोन दुपारी प्रॅक्टिकल, साडेपाचला सुटणार, सही घेतल्याशिवाय कुणी हलणार नाही, गाडी असो की विमान. निदान खरं तरी बोलल्या.

खाली आले तर बाप खिडकीशी उभा आणि पोरगी पिशवीतून दाखला काढून क्लार्कच्या हातात देत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडूनच सांगितलं, "काका, साडेपाचला सुटतं. दोन दिवस. गाडी चुकणार."

बापानं मुलीच्या हातातून दाखला घेतला, पिशवीत घातला, पिशवीची घडी केली. सर माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मी त्यांच्या ताटातला घास उचललाय. सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला जास्त शहाणपण आलंय. उद्यापासून गेटवर उभी राहा, रिक्षावाल्यांना हाकलायला."

मला वाटलं होतं, निदान ती पोरगी तरी बरं केलंस म्हणेल. मी त्यांच्यामागून गेटपर्यंत गेले. तिथं बाप पाणी प्यायला थांबला तशी ती माझ्यापाशी आली.

"मला म्हाईत नव्हतं व्हय, साडेपाचला सुटतं त्ये? माझी मैत्रीण हितंच हाय. बाप समोर होता म्हणून गप होते. एकदा नाव लागलं असतं तर पुढचं बघितलं असतं मी." तिचा आवाज फाटला. "हो म्हणायला तुझं काय जातंय गं?"

मला तिची कीव आली नाही, रागच आला. अगं बये, मी वर जाऊन बोलणी खाल्ली ती कुणासाठी? पण तोंड उघडेपर्यंत ती बापामागून निघून गेली होती. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "कुणी सांगितलंय गावाची उठाठेव करायला?"

मग मी गेटवर. रिक्षावाले कुणी हलत नव्हते, मला ताई-ताई म्हणून चहा विचारायचे. ॲडमिशनची यादी संपत आली होती तेव्हा एक दिवस तो बाप पुन्हा आला, मुलीसकट, तीच पिशवी. माझ्याकडे न बघता आत गेला. थोड्या वेळानं बाहेर माझ्याचकडे आला.

"बाय, तो सर म्हणतो व्हस्टेल हाय. हाय काय?"

"नाही."

"मला वाटलंच." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "त्याला काय पण विचारा, हो म्हणतो. रोज रडते पोर, जेवत न्हाय. मग मला सांग, प्रॅक्टिकलच्या दिवशी ती ऱ्हाईल कुठं?"

हाही प्रश्न कुणी पाठ करून दिला नव्हता. मी म्हटलं, "माझ्याकडे राहील." आणि लगेच म्हटलं, "थांबा, घरी विचारलं नाही. विचारते."

आईला फोन लावला. तिचा आवाज लूमच्या वर चढून फोनमधून बाहेर गेटवर पडत होता. धर्मशाळा आहे का, ओळख ना पाळख, झोपायला जागा तरी आहे का, सगळं झालं. शेवटी म्हणाली, "आण. पण पांघरूण तिचं तिनं आणायचं."

बाप म्हणाला, "तुझी आय पण तुझ्यावानीच हाय." मग जाऊन दाखला जमा केला.

आता आठवड्यातले दोन दिवस ती आमच्याकडे असते. माझ्याशी धड बोलत नाही. लूमच्या आवाजानं डोकं उठतं म्हणते, आमच्या वरणात मीठ कमी म्हणते, माझ्याकडे पाठ करून झोपते आणि आईला मात्र मावशी-मावशी करत भाकरी थापून देते. आई म्हणते, गुणाची पोर आहे. मी दात-ओठ खाते.

पहिल्या परीक्षेच्या सकाळी आम्ही दोघी नळावर पाणी भरत होतो. बऱ्याच दिवसांनी तिनं मला आपणहून काही विचारलं.

"मी पास व्हईन काय?"

"मला काय माहीत?"

तिनं हंडा आपटला. "हो म्हणायला तुझं काय जातंय गं?"

त्या दिवशी गेटवर मला उत्तर सुचलं नव्हतं. आता होतं.

"जातंय," मी म्हटलं. "मी उगाच हो म्हणत नाही, म्हणूनच तुझा बाप माझं ऐकतो."

तिनं हंडा पुन्हा नळाखाली सरकवला. तो भरेपर्यंत नळाकडे बघत राहिली, आणि मग माझीही कळशी उचलून घरात घेऊन गेली.