भाऊजींच्या चालीतली रिकामी जागा

बँड बंद ठेवून नाव कमावलेला बँडमास्तर उभ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान होते. देऊळघाटला त्यांचा लग्नाचा बँड. सिनेमाची गाणी वाजवायला साफ नकार. "त्या गाण्याले बाप आहे, मी काऊन सांभाळू?" म्हणायचे. दर लग्नसराईला स्वतःची नवी चाल बसवायचे, आणि चाल एकदा डोक्यात शिरली की माणूस कामातून गेला. एसटी घाट चढू लागली की डोळे मिटून इंजिनाचा सूर धरायचे. कंडक्टर तिकिटाला आला तर त्यालाच हाताने थांबवायचे. जरीची टोपी घालून जेवायला बसायचे. वरण वाढताना ताई विचारायची, "आज वरात कोणाची हो?"

एका साली मात्र त्यांनी कहर केला. चाल ऐन रंगात आली की अख्खा बँड क्षणभर गप्प, आणि मग पुन्हा सुरू. पहिलंच लग्न गावातलं. बँड थांबला म्हणजे नवरदेव दारी आला, असा आमच्याकडचा रिवाज. नवरदेवाचा घोडा अजून पार मारुतीजवळ, आणि बँड गप्प झाला तो नेमका मांडवापुढे. बायका आरती घेऊन धावल्या आणि समोर दिसला त्याला ओवाळून मोकळ्या झाल्या. समोर होते बुलढाण्याचे एक वकील, संगीताचे मोठे जाणकार, साप्ताहिकात लिहिणारे. कपाळभर कुंकू घेऊन ते घरी गेले आणि पुढच्या अंकात त्यांनी विचारलं की हा बँड मध्येच बंद पडतो, याला कला म्हणावं की बिघाड?

अंक गावोगाव वाचला गेला. क्लॅरनेटवाला सगळ्यांच्या वतीने म्हणाला, "मास्तर, ते खिंडार बुजवा. जळगाव जामोदच्या लग्नात पुन्हा हसं झालं, तर आम्ही दुसरा बँड धरू."

"धरा," भाऊजी म्हणाले. "जागा तशीच राहीन."

बोलले खरे, पण त्या दिवशी जेवले नाहीत. बँड मोडला तर हा माणूसही मोडेल, अशी मला धास्तीच वाटली.

जळगाव जामोदला पाहतो तर रस्त्याच्या दुतर्फा ही गर्दी! वकिलांच्या लेखाची कृपा. तो बिघाड बघायला माणसं ओट्यांवर चढून बसली होती. चाल रंगली, बँड थांबला, आणि अख्ख्या बाजारपेठेने ठेक्यात टाळ्या ठोकल्या. पुन्हा थांबला, पुन्हा टाळ्या. वकीलही मुलाकडून आलेले. आधी नुसतेच भुवया उंचावून उभे होते, मग छत्री काखेत मारून दोन्ही हातांनी सुरू झाले. क्लॅरनेटवाला घामाघूम होऊन म्हणाला, "मास्तर, जागा जराशी वाढवता काय?" पुढच्या अंकात वकिलांनी तोच बिघाड साऱ्या जिल्ह्याचा मान ठरवला. छाती नुसती फुगून आली माझी.

त्या लग्नाहून परतताना मी विचारलं, "भाऊजी, हे सुचलं कसं?"

"सुचलं कायचं बे! मी ओसरीत वाजवतो, तुही ताई आत भाकर थापते. त्या ठिकाणी तिची थाप इतकी बेस पडे, का मले वाटे, इथं आपण गप राहावं."

पुढे कितीतरी वर्षं लग्नघरं तीच चाल मागत राहिली. ताई गेली, त्यानंतरच्या लग्नसराईत मी एका वरातीत होतो. ती जागा आली, लोकांनी टाळीसाठी हात उचलले, आणि भाऊजी न थांबता वाजवत पुढे गेले.