सहीखालची तारीख

माझे वडील घोटीच्या भाताच्या गिरणीत पोती वाहायचे. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. बी.कॉम., तेही पहिल्या वर्गात. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. शहरात द्वारका चौकाजवळच्या एका खासगी दवाखान्यात रेकॉर्ड विभागात लागले, तेव्हा मला स्वतःचं टेबल मिळालं. आई ते बघायला मुद्दाम आली होती.

काम समजायला सोपं. डॉक्टर जागेवर नसले की औषध फोनवर सांगतात. सिस्टर ते केसपेपरवर लिहिते, डॉक्टरांना परत वाचून दाखवते, वेळ टाकून आपली सही करते. मग चोवीस तासांच्या आत डॉक्टरांनी त्याखाली सही करायची, तारीख आणि वेळ घालून. पेशंट घरी गेला की फाईल माझ्याकडे यायची. सही राहिली असेल तिथं मी पिवळी चिठ्ठी लावायची आणि डॉक्टरांच्या मागे लागायचं.

आमचे मोठे डॉक्टर शनिवारी दुपारी गठ्ठ्याने सह्या करायचे. पान वाचायचे नाहीत, चिठ्ठी दिसली की सही. पहिल्याच महिन्यात मला म्हणाले, "तारीख-वेळ तू टाकत जा गं. मला कुठं आठवतंय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढा मोठा माणूस आपल्यावर सोपवतोय. मी सरळ चोवीस तासांत बसेल अशी तारीख टाकायचे. तपासणीत माझ्या फायली नेहमी स्वच्छ.

मेडिकल वॉर्डच्या सिस्टर नामपूरच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मला 'बीकॉम' म्हणायच्या. "काय बीकॉम, आज किती डॉक्टर पकडले?"

त्यांच्या वॉर्डात एका आजोबांच्या नाकातून रक्त यायला लागलं. रविवार होता. सिस्टरांनी वॉर्डच्या फोनवरून मोठ्या डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी सांगितल्यावर रक्त पातळ करायची गोळी बंद केली. आजोबा घरी गेले. पंधरा दिवसांत त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली. दुसरीकडे उपचार घेऊन बरे झाले, पण त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. "गोळी कुणी बंद केली, तेवढंच सांगा."

फाईल घेऊन मला प्रशासकांच्या खोलीत बोलावलं. तिथं मेट्रन, मोठे डॉक्टर आणि सिस्टर होत्या. डॉक्टरांनी फाईलवर नजर टाकली.

"मला असलं काही सांगितल्याचं आठवत नाही. आणि ही सही सोमवारची आहे. रविवार-सोमवार मी इंदूरला होतो, पुतण्याच्या लग्नात. मंगळवारी परतलो."

सगळ्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सही खोटी, म्हणजे वरची ऑर्डरही खोटी. मेट्रन म्हणाल्या, "सिस्टर, स्वतःच्या मनाने बंद केलीत का? आत्ताच सांगा, नाहीतर नोकरीवर येईल."

"वीस वर्षं झाली, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "मी पेशंटला पाणीसुद्धा विचारून देते."

मी गप्प बसले असते तर मला कुणी काही विचारणार नव्हतं. हे मला तेव्हा चांगलं कळत होतं.

"सही सरांचीच आहे," मी म्हणाले. "तारीख मी टाकलीय. सही झाली त्या तारखेनंतर बारा दिवसांनी, शनिवारी."

"कुणाच्या सांगण्यावरून?" प्रशासकांनी विचारलं.

"सरांच्या. पण टाकली मी."

डॉक्टर हसले, पण चांगलं नाही. "वा. म्हणजे आता आरोपी मी."

"सर, एकदा वाचा तरी," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही ते वाचलेलंच नाही."

डॉक्टरांनी चष्मा लावला. सिस्टरांनी ऑर्डरखाली लिहिलं होतं, 'फोनवर मागे बँडचा आवाज, म्हणून दोनदा वाचून दाखवलं.' डॉक्टरांनी ती ओळ पुन्हा वाचली.

"हो. वरात चालली होती," ते म्हणाले. "मीच सांगितलं. रक्त येत होतं, दुसरं काय सांगणार? पण पुन्हा कधी सुरू करायची, ते सांगायचं राहिलं. ते माझ्याकडून."

तिथेच त्यांनी खाली नवी नोंद केली, बैठकीच्या दिवसाचीच तारीख घालून. आजोबांच्या मुलाला स्वतः भेटले. सिस्टर वॉर्डात परत गेल्या. मला मेमो मिळाला. योग्यच होता.

माझ्या हातच्या तारखा आणखी किती फायलींत आहेत, असं प्रशासकांनी विचारलं. मोजून सांगते, मी म्हणाले. ते काम तीन आठवडे पुरलं. सिस्टर ड्युटी संपली की येऊन माझ्यासमोर बसायच्या आणि त्यांच्या वॉर्डच्या फायली स्वतः चाळायच्या. पहिल्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक पान माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "हीपण तुझीच ना? लिही यादीत."