फ्लॉरेन्सला हरवलेली टोपी

इटलीच्या किनाऱ्यावर, लेवांतो गावाच्या थोडं अलीकडे, दोन बोगद्यांच्या मधे जिथे रेल्वे जेमतेम श्वास घेण्यापुरती उजेडात येत असे, तिथे देल्फिनाचं फाटक होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली ऑलिव्हची झाडं आणि मधे रेल्वेने दिलेलं दोन खोल्यांचं पिवळं घर. गाडीची वेळ झाली की चाक फिरवून फाटक पाडायचं आणि गुंडाळलेला झेंडा हातात धरून ताठ उभं राहायचं, हे तिचं काम. गाडीतली माणसं समुद्राकडे बघत. तिच्याकडे कुणी बघत नसे. ती मात्र एकेक खिडकी बघून घ्यायची. लग्नसराईच्या दिवसांत त्या खिडक्यांतून नवीन जोडपी दिसत. लग्न झालं की नवरानवरीने आगगाडीने फ्लॉरेन्सला, जमलं तर रोमला जाऊन यायचं, ही तिकडची रीतच होती.

देल्फिना आणि आतिलिओ यांचं लग्न लढाईच्या धामधुमीत झालं. पूल पडलेले, गाड्या बंद. "सगळं थांबलं की जाऊ," असं आतिलिओ म्हणाला होता. लढाई थांबली, पूल उभे राहिले, पण तोवर मार्त्सिया पोटात होती. मग हे फाटक मिळालं. आतिलिओ रुळांच्या डागडुजीच्या टोळीत होता, त्यामुळे दोघांना दरवर्षी फुकट प्रवासाचा पास यायचा आणि दरवर्षी तो फुकटच जायचा.

"यंदा?" वसंत आला की आतिलिओ विचारायचा.

"यंदा तिला दात येतायत."

पुढल्या वर्षी कांजिण्यांची साथ असे, त्याच्या पुढल्या वर्षी शाळा.

"पोरीला मिशा फुटेपर्यंत काही ना काही निघणारच आहे," आतिलिओ म्हणायचा आणि हसून विषय सोडून द्यायचा.

देल्फिनाचंही अगदीच चुकत होतं असं नाही. दारापुढे रूळ आणि मागे समुद्र, अशा घरात मूल वाढवायचं म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. मार्त्सिया रांगायला लागली तेव्हा गाडीच्या वेळी देल्फिना तिच्या कमरेला दोरी बांधून दोरीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला बांधायची. बघणारे हसत. देल्फिनाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. पुढे दोरी सुटली, पण देल्फिनाच्या मनातली गाठ काही सुटली नाही.

मार्त्सिया नऊ वर्षांची झाली त्या जूनमध्ये मात्र पळवाट उरली नाही. आतिलिओची बहीण तिल्दे फाटक आणि पोर दोन्ही सांभाळायला तयार झाली. ती स्वतः जन्मभर फाटकवाली होती.

"तीन गावांचा रस्ता सांभाळलाय मी," ती आल्या आल्या म्हणाली. "तुझं हे फाटक म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. निघा आता."

आतिलिओने त्या प्रवासासाठी नवी टोपी घेतली होती. बेत त्याने महिनाभर आधीच आखला होता. पहिल्या दिवशी व्हेर्नात्साला उतरायचं, बंदरावर जेवायचं, मग ला स्पेत्सियावरून पिसा आणि तिथून फ्लॉरेन्स. पण त्याची खरी हौस निराळीच होती. लेवांतोला न जाता आधीच्या, पश्चिमेच्या स्टेशनावर चालत जाऊन तिथून गाडीत बसायचं, म्हणजे गाडी आपल्याच फाटकावरून जाईल.

"एकदा तरी खिडकीतून हात हलवणारे आपण असू," तो म्हणाला.

बोगदा संपला, उजेड आला. फाटकाशी तिल्दे झेंडा धरून उभी होती आणि पायरीवर मार्त्सिया दोन्ही हात उंच करून नाचत होती. आतिलिओ अर्धा खिडकीबाहेर गेला.

"स्वेटर नाही घातला तिला!" देल्फिना ओरडली.

"जूनमध्ये?"

पुढचा बोगदा आला आणि डब्यात अंधार झाला. देल्फिनाच्या लक्षात आलं, फाटक नीट पडलंय की नाही हे बघण्यात आपला हात हलवायचा राहूनच गेला. आतिलिओच्याही ते लक्षात आलं असावं.

व्हेर्नात्साला उतरल्यावर आतिलिओ बंदराकडे वळला आणि देल्फिना स्टेशनमास्तरच्या खोलीकडे. रेल्वेची माणसं एकमेकांना ओळखून असत. स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला विचारायचं, त्याने त्याच्या पुढच्याला, असं करत रेल्वेच्या फोनवरून कुठलीही खबर फाटकापर्यंत जायची आणि परत यायची.

"मुलगी जेवली, झोपली," मास्तरने निरोप सांगितला. "आणि तुमची नणंद म्हणते, खुराडं जागेवर आहे."

ती बंदरावर पोचली तेव्हा तळलेली मासळी गार झाली होती. आतिलिओने बरोबर अर्धी खाऊन अर्धी तिच्यासाठी झाकून ठेवली होती.

"बघ, समुद्र बघ."

"आपल्याकडे हाच आहे की."

"हाच आहे गं. पण तिथे आपण गाड्या बघतो."

ती बसली, दोन मासे खाल्ले आणि म्हणाली, "आता मालगाडी जाईल तिथून." आतिलिओने टोपी डोळ्यांवर ओढली.

ला स्पेत्सियाला गाडी जरा जास्त थांबते. "आलेच," म्हणून देल्फिना पुन्हा उतरली. "पिसाहून विचार ना," आतिलिओ म्हणेपर्यंत ती फलाटावर होती. या वेळी उत्तर यायला वेळ लागला. मास्तरने फोन कानाला लावून ठेवला होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"मुलीचं अंग जरा गरम लागतंय म्हणे," तो म्हणाला. "काळजीचं काही नाही म्हणते ती."

बाहेर शिट्टी झाली. देल्फिना दारात आली. गाडी नुकती हलली होती, माणूस चालत जाऊन पकडेल इतकी हळू. खिडकीतून आतिलिओने हात बाहेर काढला होता. "पळ! अगं पळ!" तो ओरडत होता आणि हसतही होता, कारण ती येणार याची त्याला खात्री होती.

ती पळाली नाही. उभी राहिली. त्याचं हसू कुठल्या क्षणी थांबलं हे तिने पाहिलं आणि मग डबा वळणावर दिसेनासा झाला. गाडी चुकली असं ती पुढे सगळ्यांना सांगत आली. गाडी चुकली नव्हती.

ती उलट दिशेच्या गाडीने घरी आली तेव्हा मार्त्सिया पायरीवर बसून जर्दाळू खात होती. कच्चे जर्दाळू खाऊन पोट बिघडलं होतं, एकदा ओकली आणि मोकळी झाली.

"आल्या इन्स्पेक्टरबाई," तिल्दे म्हणाली. "अंग गरम आहे म्हणाले होते मी. उन्हात विटासुद्धा गरम होतात. आतिलिओ कुठाय?"

"पुढे गेला."

"एकटा?"

"येईल बघून. त्याला हौस होती ना."

तिल्देने तिच्याकडे नीट पाहिलं, झेंडा तिच्या हातात दिला आणि आत निघून गेली.

फोन भिंतीवर, दाराच्या आतल्या बाजूला होता. जातायेता देल्फिनाची नजर त्यावर पडायची. पण काय विचारायचं? सगळे स्टेशनमास्तर ऐकणार. पोरीला काही झालेलंच नव्हतं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय थोडा रागही होता. पुढच्या स्टेशनाला उतरून त्याला मागे येता आलं नसतं का? फोन वाजायचा तो फक्त गाडीची वर्दी द्यायला.

चौथ्या दिवशी आतिलिओ आला. डोक्यावर टोपी नव्हती.

"बाबा, टोपी?"

"फ्लॉरेन्सला गेली. तिथल्या देवळाचा घुमट एवढा उंच, की वर बघता बघता टोपी मागे पडली. आली वाऱ्याची झुळूक आणि नेली नदीत."

मार्त्सिया खिदळली. तिने ती गोष्ट त्या दिवशी तीनदा ऐकली आणि पुढे किती वेळा ते कोण मोजणार. पाहुणे आले की "बाबा, टोपी सांगा." पुलावरची सोनारांची दुकानं, घुमट, टोपी. तिच्या लग्नाच्या जेवणातही आतिलिओने ती सांगितली.

देल्फिनाने त्याला एकदाच विचारलं होतं, "रागावला होतास माझ्यावर?"

"कशाला? मजा आली मला."

पण पुढच्या वसंतात त्याने "यंदा?" म्हणून विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पास यायचा, फळीवर पडून राहायचा, मुदत संपली की शेगडीत जायचा. तो विचारेल आणि या खेपेला आपण हो म्हणू, असं तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. आपणच विचारावं हे काही तिला सुचलं नाही.

मग रेल्वेने डोंगराच्या पोटातून नवा मार्ग काढला आणि फाटक उरलं नाही. दोघं लेवांतोला दोन खोल्या घेऊन राहिली. मार्त्सिया जेनोआला सुखात होती. देल्फिनापाशी आता वेळच वेळ होता, पण बोगद्यांतल्या धुळीने आतिलिओची छाती धरली होती. जिना चढताना तो मधेच थांबायचा आणि काहीतरी बघतोय असं दाखवायचा.

तो गेला तेव्हा दफनाला रेल्वेची बरीच जुनी माणसं आली. त्यांत ओस्वाल्दो होता, पिसाच्या गाडीवरचा एके काळचा गार्ड. सगळे पांगल्यावरही तो स्वयंपाकघरात वाइनचा पेला घेऊन बसून राहिला.

"मोठ्या मनाचा माणूस," तो म्हणाला. "तीन दिवस पिसाच्या फलाटावर बसून होता, पण तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही."

"पिसाला कशाला बसेल? तो फ्लॉरेन्सला गेला होता."

ओस्वाल्दोने पेला खाली ठेवला. "तुला त्याने कधीच सांगितलं नाही? इतक्या वर्षांत?"

"काय सांगायचं?"

ओस्वाल्दोने दाराकडे पाहिलं. मार्त्सिया बाहेर कुणाला तरी निरोप देत होती.

"माझी गाडी लागली की डबे बघत यायचा. मी म्हटलं, अरे बाबा, ती घरी गेलीय, स्पेत्सियाहून कळलंय मला. तर म्हणाला, ठाऊक आहे. पोर बरी आहे हे बघेल आणि येईल. रात्री आमच्या गार्डांच्या खोलीत झोपायचा, सकाळी पुन्हा त्याच बाकावर. शेजारी टोपी ठेवलेली, तुझी जागा धरायला. कुणी बसायला आलं की म्हणायचा, बायको येतेय. तिसऱ्या दिवशी कॉफी घ्यायला गेला तेवढ्यात कुणीतरी टोपी उचलली. मग म्हणाला, चला, आता घरी जातो."

"पण घुमट... पुलावरची दुकानं..."

"ते माझ्याकडून ऐकलं त्याने. माझी मेव्हणी तिकडची."

देल्फिना टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करू लागली.

"मला एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तो नको म्हणाला. बोलावून आलेली नको म्हणाला." ओस्वाल्दो जरा घुटमळला. "तू विचारलं असतंस तर मात्र सांगायचं ठरलं होतं. पिसापासून लेवांतोपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, देल्फिना. सगळी लाइन तुझ्या फोनची वाट बघत होती. तू विचारलंच नाहीस."

पोरीसाठी तिने स्टेशनास्टेशनावर उतरून फोन फिरवायला लावला होता आणि नवऱ्यासाठी एकदाही नाही. ही गोष्ट तिने त्यानंतर कितीदा उलटीपालटी करून पाहिली. कुठल्याही बाजूने ती वेगळी दिसेना.

पुढल्या जूनमध्ये मार्त्सियाने तिला फ्लॉरेन्सचं तिकीट काढून दिलं. "बाबांचं फ्लॉरेन्स बघून ये. मीच आले असते, पण धाकट्याला खोकला झालाय. पोचलीस की फोन कर. आणि अंगावर काहीतरी घे, डब्यात वारा लागतो."

पिसाला गाडी बदलायची होती. फ्लॉरेन्सची गाडी समोरच्या फलाटावर उभी होती. देल्फिना तिच्या दिशेने चार पावलं गेली आणि तिला ते बाक दिसलं. फलाटाच्या टोकाला, स्पेत्सियाकडून येणाऱ्या गाड्या आधी दिसतील असं. तेच होतं की नंतर बसवलेलं, कुणास ठाऊक. ती बसली. समोरची गाडी गेली.

स्पेत्सियाकडून एक गाडी आली. दारं उघडली, माणसं उतरली, सामान उतरलं. तिथे बसल्यावर कुणाची वाट बघत नसलं तरी नजर दारांवरच जाते. शेवटचा माणूस उतरेपर्यंत जाते. मग फलाट रिकामा होतो आणि आपण पुढची गाडी कधी ते बघू लागतो. आतिलिओने ही फलाटावरची माणसं तीन दिवस मोजली आणि तरी घरी येऊन पोरीला हसवलं. देल्फिनाने पर्स शेजारी ठेवली होती. एक तरुण जोडपं जागा शोधत आलं तेव्हा तिने ती उचलून मांडीवर घेतली आणि सरकून बसली.

फ्लॉरेन्सच्या आणखी गाड्या होत्या. ती कुठल्याच गाडीत चढली नाही. त्याने तिच्यावाचून जे पाहिलं नाही, ते आता त्याच्यावाचून बघून ती काय करणार होती? ऊन कलल्यावर ती परतीच्या गाडीत बसली.

ती घरात शिरते न शिरते तोच फोन वाजला.

"आई! फोन का नाही केलास? जीव टांगणीला लागला होता माझा."

"धाकट्याचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे. ते राहू दे. फ्लॉरेन्स कसं वाटलं? बाबा सांगायचे तसंच आहे?"

देल्फिना फोनशेजारच्या खुर्चीवर बसली. तो जून, ते जर्दाळू, ते जरासं गरम अंग, यांतलं मार्त्सियाला काही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर तिने ते स्वतःच्या माथी घेतलं असतं. तिचा स्वभाव आईचाच होता.

"अगदी तसंच," देल्फिना म्हणाली. "पुलावर सोनारांची दुकानं. आणि घुमट केवढा उंच गं! वर बघून मान दुखायला लागली माझी. तुझ्या बाबांची टोपी पडली त्यात नवल नाही."